गोळ्यांनी दाढेची सूज उतरली, आता डेंटिस्टकडे जायची गरज आहे का?

खालच्या दाढेला कीड होती, गाल सुजला, मेडिकलमधून अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक (जंतू मारणारं औषध) आणून घेतलं आणि आता ना सूज ना ठणका, असं तुम्ही लिहिलंय. मी दातांचा डॉक्टर आहे. माझं उत्तर: जा, आणि याच आठवड्यात जा.

दुखायचं थांबलं याचा अर्थ बहुधा दाढेतली नस मेली. गोळीतलं औषध रक्तातून फिरतं, पण मेलेल्या नसेत रक्तच पोचत नाही. मुळाच्या टोकाबाहेर, हाडात आलेल्या जंतूंना औषधाने चाप बसला, म्हणून सूज उतरली. मुळाच्या आतले जंतू मात्र जागेवरच आहेत. ते काढायचे दोनच मार्ग, रूट कॅनाल किंवा दाढ काढणं. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ साली संशोधन तपासून हेच सांगितलं: एरवी धडधाकट माणसाच्या दाढदुखीत, अगदी तिथल्या तिथे सूज असली तरी, लगेच दातावर उपचार होणार असतील तर बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागतच नाही. ताप आला, अंग मोडून आलं, तर ते द्यायचं, तेही उपचाराच्या जोडीला. आपल्याकडे मात्र आधी गोळ्या, आणि पुन्हा सुजलं की पुन्हा त्याच गोळ्या.

‘सूज असताना दाढ काढू नये’ हे घरची मोठी माणसं हमखास सांगतात. सुजेत भूल जरा कमी चढते, एवढंच त्यात तथ्य. पू साठला असेल तर त्याला वाट करून देणं हाच खरा उपचार. (वरची दाढ काढली की नजर जाते, हाही असाच गैरसमज.) लवंगेच्या तेलाने ठणका तात्पुरता बधिर होतो. तंबाखूची चिमूट तिथे दाबून धरू नका, मिश्रीही नको. हिरड्यांचं आणि तोंडाच्या आतल्या त्वचेचं त्याने नुकसानच होतं. डायबिटीस असेल तर साखर तपासून घ्या. ती वाढलेली असली की असा जंतुसंसर्ग लवकर आटोक्यात येत नाही.

खालच्या दाढेचा पू जबड्याखाली, जिभेखाली उतरू शकतो. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरने १८३६ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, त्यात श्वासाची वाट अडू शकते. तेव्हा पुन्हा सूज आली आणि तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना, जीभ वर उचलल्यासारखी वाटली किंवा श्वासाला त्रास झाला, तर दातांच्या दवाखान्याची वेळ बघत बसू नका. रात्र असली तरी थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा.