ड्राफ्टचं नंतर बघू

प्रश्न : आम्ही ऑन्टारियोत राहतो. मुलगा 15 वर्षांचा आहे, सहाव्या वर्षापासून आइस हॉकी खेळतो आणि त्याच्या वयोगटात सर्वांत वरच्या स्तरावर आहे. यंदा त्याचा ओएचएलचा (ऑन्टारियो हॉकी लीग, तरुण खेळाडूंची लीग) ड्राफ्ट, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात ती प्रक्रिया. ओएचएल खेळला की अमेरिकेतल्या कॉलेजचा रस्ता कायमचा बंद होतो, म्हणून आत्ताच एक काय ते ठरवायचं आहे. मुलगा जिद्दी आहे. महिन्यापूर्वी मैदानाभोवतीच्या बोर्डवर डोकं आपटलं, दहा-बारा दिवस दुखत होतं. पण स्काउट (संघांसाठी खेळाडू हेरणारे) येणार होते म्हणून कोचला काही बोलला नाही आणि त्या सामन्यात दोन गोल केले! एनएचएलपर्यंत, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगपर्यंत, जाण्यासाठी आम्ही काय करावं?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमचं पत्र चार पानी आहे आणि डोकेदुखीला त्यात एकच वाक्य मिळालंय. तुम्ही ते कौतुकाने लिहिलंत. मी ते वाचून घाबरले.

डोक्याला मार बसल्यावर दहा-बारा दिवस डोकं दुखणं हे कन्कशनचं, म्हणजे मेंदूला बसलेल्या हादऱ्याचं लक्षण असू शकतं. हेल्मेट कवटीला जपतं, पण आतला मेंदू हलायचा तो हलतोच. स्कॅनमध्ये बहुतेकदा काही दिसत नाही. त्यामुळे मुलगा स्वतः काय सांगतो, यावरच डॉक्टरांची भिस्त असते, आणि तुमचा मुलगा नेमकं तेच लपवायला शिकलाय. पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसला, तर या वयात मेंदूला सूज येऊन जिवावर बेतू शकतं. तुमच्याच प्रांतात 17 वर्षांची रोवन स्ट्रिंगर 2013 मध्ये अशी गेली. ती रग्बी खेळायची. थोड्याच दिवसांत डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसला होता. तिच्या नावाने 2018 मध्ये ऑन्टारियोने कायदा केला. नुसता संशय आला तरी खेळाडूला बाहेर काढायचं, आणि वैद्यकीय परवानगीशिवाय पूर्ण खेळात परत घ्यायचं नाही, असं तो सांगतो. कन्कशनची माहिती वाचल्याचं पालकांनाही दरवर्षी कळवावं लागतं. तुम्हीही कळवलं असणार.

मुलाने कोचपासून लपवलं, असं तुम्ही लिहिता. पण तुम्हाला माहीत होतं ना? मग लपवणारा तो एकटा नव्हता. बर्फावर उतरण्याआधी त्याने तुमच्या चेहऱ्याकडे पाहिलं असेल आणि तुम्हाला काय हवंय ते त्याला समजलं असेल. 15 वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं.

पत्रात पुढे ‘आमचा सराव’, ‘आमचा हंगाम’ असं येतं. हॉकीसाठी घरावर दुसरं कर्ज काढलंय आणि ते मुलाला माहीत आहे, असंही येतं. परतीच्या वाटेवर गाडीत तुम्ही त्याची प्रत्येक शिफ्ट (बर्फावरची छोटी पाळी) तपासता. त्याला स्वतःला काय हवंय, हे मात्र चार पानांत कुठेच नाही. कर्ज तुमचा निर्णय होता, त्याचा भार त्याच्या डोक्यावर नको. आणि सामन्यानंतरची ती उजळणी आजपासून बंद करा. ते काम कोचचं आहे.

जिद्दीचंच उदाहरण हवं असेल तर एनएचएलमधल्या सिडनी क्रॉसबीचं घ्या. 2011 च्या जानेवारीत पाच दिवसांच्या आत त्याच्या डोक्याला दोनदा मार बसला. तेव्हा तो जगातला अव्वल खेळाडू मानला जात होता. तो थेट 21 नोव्हेंबरला परतला, डिसेंबरमध्ये पुन्हा त्रास झाला म्हणून पुन्हा बाहेर बसला आणि मार्च 2012 मध्ये खेळायला आला. त्यानंतर त्याच्या संघाने 2016 आणि 2017 मध्ये स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला, कर्णधार तोच होता. मग तुमच्या मुलाला चार आठवडे बसायला काय हरकत आहे?

तेव्हा याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. डोकेदुखी आता थांबली असली तरी जा, आणि मार केव्हा, कसा बसला ते त्यालाच सांगू द्या. तोवर बर्फावर पाऊल नाही. हादरा होता असं निघालं, तर आधी शाळा नीट सुरू होऊ द्यायची, मग हलका व्यायाम, मग धक्काबुक्की नसलेला सराव, आणि सामना डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच.

आता तुमचा प्रश्न. ओएचएल खेळला की कॉलेज बंद, हे खूप वर्षं खरं होतं. या लीगमधल्या मुलांना मासिक भत्ता मिळतो आणि काहींनी एनएचएलचे करार केलेले असतात, म्हणून अमेरिकन कॉलेजांची संघटना त्यांना व्यावसायिक धरायची. नोव्हेंबर 2024 मध्ये हा नियम बदलला आणि 1 ऑगस्ट 2025 पासून मेजर ज्युनियर (ओएचएल आणि तशाच लीग) खेळलेली मुलं तिथे खेळू शकतात. गॅव्हिन मॅकेना हा त्याच्या पिढीतला सर्वांत चर्चेतला मुलगा, तोही मेडिसिन हॅट टायगर्स या ज्युनियर संघाकडून थेट पेन स्टेट या अमेरिकन विद्यापीठात गेला. कॅनडातल्या विद्यापीठांचं दार तर आधीही उघडंच होतं. शिवाय ओएचएलमधल्या प्रत्येक हंगामामागे शिक्षणासाठी मदत मिळते. तेव्हा पंधराव्या वर्षी आयुष्याचा निकाल लावायची जी घाई तुम्ही मुलाच्या मागे लावली आहे, तिला आता नियमाचाही आधार उरलेला नाही. कोणी जुनं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

एनएचएलचा ड्राफ्ट सात फेऱ्यांचा, संघ 32, म्हणजे साऱ्या जगातून वर्षाला 224 नावं. त्यातलेही बरेच जण एनएचएलचा एकही सामना खेळत नाहीत. हॉकीवर पोट भरणारे बहुतेक खेळाडू एनएचएलच्या खालच्या एएचएल, ईसीएचएल किंवा स्वीडन, फिनलंड, जर्मनी, स्वित्झर्लंडच्या लीगमध्ये असतात. कष्टाचा, मानाचा पेशा आहे, पण पुष्कळदा करार एकेका हंगामाचा असतो. उलट, मार्टिन सेंट लुईला ड्राफ्टमध्ये कोणीच घेतलं नव्हतं. तो कॉलेजमधून आला, 2004 मध्ये एनएचएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तुमच्या मुलाचा जन्म नोव्हेंबरचा. वयोगट कॅलेंडर वर्षाने ठरतो, त्यामुळे तो संघातल्या जानेवारीच्या मुलांपेक्षा दहा महिन्यांनी लहान आहे. ‘ताकदीत कमी पडतो’ असं तुम्ही लिहिता, ते त्याचं वय आहे.

अभ्यासाचं थोडक्यात: गणित, विज्ञान, इंग्रजी सोडू नये आणि अमेरिकन कॉलेजांना लागणारे विषय शाळेच्या समुपदेशकाकडून आत्ताच तपासून घ्यावेत.

त्या दोन गोलांची चित्रफीत स्काउटना पाठवायची आहे, असं तुम्ही शेवटी विचारलंय. पाठवू नका. आधी डॉक्टर काय म्हणाले, ते मला कळवा.