पणजी 101 वर्षे जगली, तर मीही शंभरी गाठेन का?

पणजी 101 व्या वर्षी गेली आणि आजोबा 78 व्या, मग तुमच्या वाट्याला काय, असं तुम्ही विचारलंय. मी उलट विचारतो: पणजीची भावंडं किती जगली?

घरातल्या एकाच माणसाचं वय पाहून फारसं कळत नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे 104 वर्षे जगले, पण त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव 1953 मध्ये 71 व्या वर्षी गेले, वडिलांच्या नऊ वर्षं आधी.

डेन्मार्कमधल्या जुळ्यांच्या अभ्यासातून आयुर्मानातला साधारण चौथा हिस्सा अनुवंशिक असल्याचं दिसलं होतं. पुढे 2018 मध्ये कोट्यवधी माणसांच्या वंशावळी तपासल्या, तेव्हा हा आकडा 10 टक्क्यांच्याही खाली आला. कारण लग्नाने जोडलेल्या नातेवाइकांची आयुष्यंसुद्धा एकमेकांशी जुळत होती, आणि त्यांच्यात तर रक्ताचं नातं नाही. स्थळं आपल्यासारखीच बघितली जातात. खाणंपिणं, शिक्षण, पैसा त्यात आलंच.

शंभरीची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे रक्ताचं वजन वाढतं. बॉस्टनच्या शतायुषींच्या अभ्यासात त्यांच्या सख्ख्या बहिणींना शंभरी गाठण्याची शक्यता त्याच काळात जन्मलेल्या इतर बायकांच्या 8 पट, तर भावांना इतर पुरुषांच्या 17 पट दिसली. ऐकायला मोठं वाटतं, पण मुळात त्या पिढीत शंभरी गाठणारेच इतके थोडे होते की 17 पट होऊनही बहुतेक भाऊ तिथवर पोहोचले नाहीत. फ्रान्सच्या जान काल्मां 122 वर्षे जगल्या. त्यांचे वडील 93 आणि भाऊ 97 वर्षांचे होऊन गेले. एकाच घरात असे तीन जण असले की मी कान टवकारतो.

हे इतकं कळकळीने लिहितोय ते माझ्या काकांमुळे. "आपल्याकडे सगळे नव्वदीचे" म्हणत त्यांनी बीपीची गोळी कधी नियमित घेतली नाही. 64 व्या वर्षी अर्धांगवायू झाला. बीपी होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तुम्ही तरी पणजीच्या भरवशावर तपासणी टाळू नका.

आणि ते 101 कुठून आलं, तेही बघा. "प्लेगाच्या साली जन्मली" एवढ्यावर वय धरलेलं असतं. लग्नाचं साल आणि थोरल्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरची तारीख जुळवून पाहा. आम्ही जुळवलं, तेव्हा आमची 97 ची आजी 91 ची निघाली.