ससा, अंडी आणि मार्झिपान: ईस्टरबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: मुलीला शाळेत ईस्टरसाठी अंडी रंगवून आणायला सांगितली, शेजारी ससा पण चिकटवायचा होता. ससा अंडी घालत नाही हे तिसरीतल्या पोरीलाही माहितीय, मग येशूच्या सणात हे दोघं घुसले कुठून? (एक आई, नाशिक)

उत्तर: दोघं वेगवेगळ्या वाटेने आलेत, आणि मला विचाराल तर अंड्याची गोष्ट जास्त पटते कारण ती सरळ स्वयंपाकघरातून आलीय. ईस्टर म्हणजे येशू पुन्हा उठल्याचा सण, त्याच्या आधी चाळीस दिवसांचा लेंट, म्हणजे उपवासकाळ असतो. मध्ययुगातल्या युरोपात तो कडक होता, मांस तर सोडाच पण दूध, लोणी, अंडी सगळं बंद, आता कोंबड्यांना कोण सांगणार की बायांनो उपवास चाललाय, त्या आपल्या घालतच राहिल्या, त्यात वसंतात दिवस मोठा झाला की जास्तच घालतात. मग घरोघरी ढीग साठायचा आणि ईस्टरला उपवास सुटला की खायचा, वाटायचा. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाच्या १२९० च्या हिशेबात अशा ४५० अंड्यांचे १८ पेन्स लावलेत, रंग आणि सोन्याचा वर्ख देऊन ती दरबारात वाटली होती. कवच फोडून जीव बाहेर येतो तसा येशू थडग्यातून उठला, हा अर्थ पण त्याला जोडला गेला. ग्रीसमध्ये आजही ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी अंडी लालच रंगवतात, लाल म्हणजे येशूचं रक्त, आणि सणाला दोघांनी हातात एकेक धरून टोकावर टोक आपटायचं, ज्याचं शाबूत राहिलं त्याचं वर्ष चांगलं.

ससा मात्र जर्मन बोलणाऱ्या मुलखातला. १६८२ मध्ये एका जर्मन डॉक्टरने लिहून ठेवलंय की अल्सासकडे (आता हा भाग फ्रान्समध्ये आहे) मुलांना सांगतात, ससा बागेत अंडी लपवून जातो, आणि मोठी माणसं यावर हसतात. म्हणजे तुमच्या मुलीची शंका तेव्हापासूनची आहे! पुढे जर्मन लोक पेनसिल्व्हेनियात जाऊन राहिले, ससा त्यांच्याबरोबर अमेरिकेत गेला आणि मग चॉकलेटवाल्यांनी त्याला जगभर नेला. फ्रान्समध्ये हेच काम चर्चच्या घंटा करतात (रोमला उडत जाऊन खाऊ आणतात म्हणे), आणि ऑस्ट्रेलियात सशांनी रान फस्त केल्यामुळे बरेच जण त्याच्याऐवजी बिल्बी नावाच्या तिथल्या लांब कानाच्या प्राण्याचं चॉकलेट घेतात.

प्रश्न: ख्रिसमस दरवर्षी २५ डिसेंबरला, मग ईस्टर कधी मार्चमध्ये तर कधी एप्रिलमध्ये असं का? (ठाणे)

उत्तर: कारण तो चंद्रावर चालतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल तिच्या पुढचा रविवार, म्हणून २२ मार्च ते २५ एप्रिल या मधे कुठेही पडतो. पौर्णिमा चर्चच्या स्वतःच्या कोष्टकातली, पण आपल्या पंचांगाच्या आसपासच असते, त्यामुळे कधी होळीची पौर्णिमा लागते तर कधी हनुमान जयंतीची. २०२४ ला २५ मार्चला धुळवड झाली आणि ३१ ला ईस्टर, २०२६ मध्ये २ एप्रिलला हनुमान जयंती आणि ५ ला ईस्टर. ग्रीस, रशियाकडची ऑर्थोडॉक्स चर्चेस जुन्या ज्युलियन कॅलेंडरने मोजतात म्हणून त्यांची तारीख बहुतेक वेळा वेगळी येते.

प्रश्न: ऑफिसच्या ग्रुपवर सगळे 'हॅपी गुड फ्रायडे' टाकतात, मी पण टाकू का? (पुणे)

उत्तर: नका टाकू. त्या दिवशी येशूला क्रुसावर चढवलं, तो शोकाचा दिवस, कॅथलिक लोक उपवास करतात आणि घंटाही वाजत नाहीत. रविवारी 'हॅपी ईस्टर' टाका, अगदी मनापासून.

प्रश्न: वांद्र्याहून मैत्रिणीने मार्झिपानची अंडी पाठवली, चव थेट काजूकतलीची! आमच्याकडे अंडं चालत नाही, तर हे चालेल का? (डोंबिवली)

उत्तर: आधी मैत्रिणीला फोन करा, कारण चव काजूकतलीची असली तरी बऱ्याच घरी त्यात अंड्याचा पांढरा बलक घालतात. युरोपात मार्झिपान बदामाचं. आपल्याकडे गोव्यात आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन (म्हणजे मूळच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक) घरांत काजू आला, आणि काजूचं झाड तरी कुठलं, पोर्तुगीजांनीच सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेलं. काजू बारीक वाटायचे, साखर आणि पांढरा बलक घालून मंद आचेवर सारखं हलवत राहायचं, गोळा कढईची कड सोडायला लागला की गुलाबपाणी घालून उतरवायचा, गार झाल्यावर मळून रंग घालून साच्यात दाबायचा. साच्यातून अर्धी अंडी निघतात, ती दोन-दोन चिकटवायची आणि जोड दिसू नये म्हणून त्यावर आयसिंगची नक्षी आणि फुलं, कुणी वर पोरांची नावं पण लिहितात. दुकानातलं पोकळ चॉकलेटचं अंडं यापुढे मला तरी फिकंच वाटतं, पण त्याचाही इतिहास जुना आहे, ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने ते १८७३ मध्ये काढलं आणि कॅडबरीने दोन वर्षांनी.

अंड्याशिवाय करायचं तर नुसत्या साखरेच्या पाकात पण होतं. पुढच्या वर्षी मैत्रिणीला आधीच सांगून ठेवा, आणि या अंड्यांत बलक आहे असं कळलं तर ती शेजाऱ्यांच्या पोरांना द्या.