'कूटबद्ध' की 'हॅश केलेला'?

पुण्यात सायबर सुरक्षेवर पीएचडी करणाऱ्या एका संशोधिकेचा प्रश्न आहे. प्रबंधाच्या मराठी सारांशात त्यांनी 'संकेतस्थळ पासवर्ड कूटबद्ध करून साठवते' असं लिहिलं होतं. मार्गदर्शकांनी 'कूटबद्ध' खोडून 'हॅश करून' केलं. चांगला मराठी शब्द असताना इंग्रजी का, असं त्या विचारतात.

मार्गदर्शकांचं बरोबर आहे. कूट म्हणजे कोडं, आणि कोडं सुटण्यासाठीच घातलेलं असतं. कूटबद्ध मजकूर किल्ली हाती असली की जसाच्या तसा परत मिळतो. हॅश म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची संख्या, आणि तिला परतीची वाट नाही. एसएचए-२५६ या हॅश काढण्याच्या पद्धतीला एक अक्षर द्या की अख्खा ग्रंथ, हाती येतात २५६ बिट, आणि त्यांवरून मूळ मजकूर मागे काढता येत नाही. लॉगिन करताना टाकलेल्या पासवर्डचा हॅश नव्याने काढून साठवलेल्याशी ताडतात. परवलीचा शब्द पहारेकऱ्याला ठाऊक असावा लागे. इथे पहारेकऱ्याकडे तो शब्दच नसतो! रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९च्या निबंधात युनिक्स या संगणक प्रणालीची ही रीत मांडली. दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळे यावेत, म्हणून 'सॉल्ट', म्हणजे प्रत्येकासाठी वेगळा असा यादृच्छिक तुकडा, पासवर्डात मिसळण्याची युक्तीही त्यात आहे.

हा फरक नुसता शब्दांचा नाही. २०१३मध्ये अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीची माहिती फुटली, तेव्हा त्यातले बहुतेक पासवर्ड खरोखरच कूटबद्ध होते. सारख्या पासवर्डांची कूटरूपंही सारखीच, आणि शेजारी लोकांनी आठवणीसाठी लिहिलेल्या खुणा उघड्या. किल्ली नसतानाही अनेक पासवर्ड ओळखता आले.

म्हणून 'तपासात पासवर्ड उलगडला' हे वाक्यही मला खटकतं. हॅश हाती असताना तपासनीस शक्य ते शब्द एकेक घेऊन त्यांचे हॅश काढतो आणि जुळतो का पाहतो. 'पासवर्ड हुडकला' म्हणावं.

'हॅश'ला नवा संस्कृत शब्द घडवू नये, असं माझं ठाम मत आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३खालच्या प्रमाणपत्रात इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं हॅश मूल्य नोंदवावं लागतं. प्रयोगशाळेत आणि कोर्टात एक शब्द अन् प्रबंधात दुसरा, यातून घोटाळाच होईल.

तुमचं वाक्य असं करा: 'संकेतस्थळ प्रत्येक पासवर्डला सॉल्ट जोडून त्याचा हॅश साठवते.' जप्त केलेल्या फोनमधली माहिती मात्र योग्य किल्लीने पुन्हा वाचता येते. तिच्याबद्दल लिहिताना 'कूटबद्ध' राहू द्या.