पिकअपला मोठे टायर टाकायचेत? आधी हे बघ

भाऊ, रावेर-यावलकडच्या केळीच्या बागांत गाडी घालायची म्हणून मोठे टायर हवेत, हे पटतं. पण एकच पायरी वर जा. २१५/७५ आर १५ (रुंदी २१५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, रिम १५ इंची) च्या जागी २३५/७५ आर १५ घेतलास तर व्यास ३० मिमी वाढतो, गाडी मात्र त्याच्या निम्मी, १५ मिमीच उचलली जाते. मीटरवर ६० दिसेल तेव्हा खरा वेग साधारण ६२-६३ असेल.

नवा टायर कुठे घासतोय का, हे रिकाम्या गाडीवर कधीच तपासू नकोस. माल भर, स्टेअरिंग शेवटपर्यंत वळव, एक चाक बांधावर चढव. मडफ्लॅप किंवा आतलं प्लास्टिक जरासं लागत असेल तर कापता येतं. पत्रा, ब्रेकचा पाइप किंवा पाटा (सस्पेन्शनची पट्टीची स्प्रिंग) लागत असेल तर तो साइज सोडून दे. आपल्याकडची काळी माती ओली झाली की टायर आणि मडगार्डच्या मधे गच्च भरते, त्यामुळे बोटभर फट पुरत नाही.

स्पेसर (चाक बाहेर सरकवायला हब आणि रिमच्या मधे टाकायची चकती) टाकू नकोस, बेअरिंगवर ताण येतो. टायरचा लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा त्यावरचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको, माल वाहणाऱ्या गाडीत तर अजिबात नको. स्टेपनीही त्याच मापाची घे.