तीन सेकंदांच्या शॉटसाठी अख्खी कॅसेट

व्हिडिओ संकलनाविषयी आलेल्या पत्रांतले चार प्रश्न या अंकात घेतले आहेत.

माझे काका नव्वदच्या दशकात लग्नाच्या कॅसेटचं मिक्सिंग करायचे. ‘एक शॉट राहिला तर पुढचं सगळं परत करावं लागतं’, असं ते गिऱ्हाइकांना सांगत. खरंच एवढं अवघड होतं? (गिरगाव)

हो, काका खरंच सांगत होते. टेपवरच्या संकलनात काहीच कापत नसत, कॉपी करत. एका यंत्रात मूळ कॅसेट, दुसऱ्यात कोरी. हवे ते तुकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने उतरवत जायचं. एडिट कंट्रोलर दोन्ही यंत्रं कटच्या जागेपासून साधारण पाच सेकंद मागे नेई आणि एकदम सोडे. वेग स्थिरावला की ठरल्या जागी रेकॉर्डिंग सुरू होई. याला प्री-रोल म्हणत. कॅमेरामनने कॅमेरा ऐन अंतरपाट दूर होताना चालू केला असेल, तर मागे जायला टेपच नसे आणि तो क्षण सुरुवातीपासून घेता येत नसे.

आता सप्तपदीच्या मध्ये आत्याबाईंचा तीन सेकंदांचा शॉट राहिला असं समजा. टेप ताणून जागा करता येत नाही. एक तर तिथल्या चित्रावरच तो इन्सर्ट करायचा, म्हणजे खालचं चित्र गेलं. नाही तर तिथून पुढचं सगळं पुन्हा उतरवायचं. तिसरी वाट म्हणजे तयार कॅसेटचीच कॉपी करताना मध्ये शॉट घालायचा. पण त्यात एक पिढी वाढते, म्हणजे कॉपीची कॉपी होते, आणि व्हीएचएसच्या तिसऱ्या पिढीत लाल शालूचा रंग काठाबाहेर ओघळायला लागतो. डिझॉल्व्हला, म्हणजे एक चित्र विरत दुसरं उमटायला, दोन प्लेअर, मिक्सर आणि रेकॉर्डर लागे. त्यातून दोन्ही शॉट एकाच कॅसेटवर असले, तर आधी एकाची कॉपी काढणं आलं.

सिनेमाच्या फिल्मला मात्र ही अडचण नव्हती. पॉझिटिव्ह, म्हणजे निगेटिव्हवरून काढलेली प्रिंट, कापायची, मध्ये तुकडा घालायचा, सांधा मारायचा, झालं. तिथला त्रास वेगळा: कापलेले चार-सहा फ्रेमचे तुकडे सांभाळायचे, आणि ग्रीस पेन्सिलने खूण केलेला डिझॉल्व्ह लॅबमधून प्रिंट येईपर्यंत दिसायचा नाही.

संगणकाने फिल्मची मोकळीक व्हिडिओला दिली. १९८९मध्ये ‘अ‍ॅव्हिड/१’ आलं, १९९१मध्ये ‘प्रीमियर’, १९९९मध्ये ‘फायनल कट प्रो’. या सगळ्यांत चित्र डिस्कवर जागच्या जागी राहतं. टाइमलाइन ही फक्त यादी असते: कोणती फाइल, कितव्या फ्रेमपासून कितव्या फ्रेमपर्यंत. आत्याबाई मध्ये आल्या की पुढच्या नोंदींचे आकडे ७५ फ्रेमनी (सेकंदाला २५) सरकतात, चित्राला धक्काही लागत नाही. त्यामुळे कट कितीही वेळा बदला, चित्राची झीज शून्य. सुरुवातीला डिस्क लहान आणि महाग होत्या, म्हणून चित्र दाबून धुरकट प्रतीवर कट ठरवत. मग ती यादी, म्हणजे ईडीएल (एडिट डिसिजन लिस्ट), घेऊन मूळ टेपवरून ‘ऑनलाइन’, म्हणजे पूर्ण दर्जाचं अंतिम संकलन, करत.

टेपवाल्यांची एक सवय आम्हाला आजही मोलाची वाटते: लॉग. कट करण्याआधी ते सगळं चित्रण बघून टाइमकोडसह (टेपवरच्या तास-मिनिट-सेकंद-फ्रेमच्या आकड्यासह) वहीत उतरवत. आज एका लग्नाचं आठ-दहा तासांचं चित्रण सहज होतं. ते न बघता टाइमलाइनवर ओतलं, तर आत्याबाई आहेत कुठे हेच सापडत नाही.

मोबाइलवर टिपलेल्या भाषणाचा आवाज एडिटिंगमध्ये हळूहळू ओठांच्या मागे पडतो. का? (मुलुंड)

‘हळूहळू’ या शब्दातच निदान आहे. फरक पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा असता, तर आवाजाची पट्टी सरकवून काम झालं असतं. वाढत जाणारा फरक बहुधा बदलत्या फ्रेमरेटमुळे येतो. सभागृहात उजेड कमी झाला की अनेक फोन सेकंदाला ३० ऐवजी कमी फ्रेम टिपतात. एडिटिंगचा प्रोग्रॅम सगळीकडे ३० धरून चालतो. फाइल आधी ‘हँडब्रेक’सारख्या मोफत साधनातून काढा. व्हिडिओच्या पानावर मूळ फ्रेमरेट निवडा, ‘कॉन्स्टंट’ (एकसारखा) करा आणि ती नवी फाइल टाइमलाइनवर घ्या. काम अर्धं झाल्यावर फाइल बदलू नका, लावलेले कट इकडेतिकडे होतात.

पुढच्या वेळी फोनमध्ये मॅन्युअल व्हिडिओची सोय असलेलं अ‍ॅप वापरा: २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटखाली दिसणाऱ्या काळ्या पट्ट्याही याने जातात.

फोरके फाइल नुसती बघताना नीट चालते, एडिट करताना अडकते. नवा लॅपटॉप घेऊ का? (बोरिवली)

आधी प्रॉक्सी, म्हणजे मूळ फायलींच्या हलक्या प्रती, करून बघा. एच.२६४ या व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीत पूर्ण चित्र अधूनमधूनच साठवलेलं असतं, मधल्या फ्रेममध्ये फक्त बदल. सरळ बघताना ते चालून जातं. मधल्याच फ्रेमवर उडी मारली की संगणकाला मागच्या फ्रेम उलगडाव्या लागतात. १९२०×१०८० आकाराच्या प्रोरेस या एडिटिंगला सोप्या फॉरमॅटमधल्या प्रॉक्सी बनवा, २५ फ्रेमला तासाला साधारण १७ जीबी लागतात. तयार व्हिडिओ निर्यात (एक्सपोर्ट) करताना मूळ फायलींकडे परत जायला विसरू नका. धुरकट प्रतीवर कट ठरवण्याची जुनीच रीत ही.

१९९४ची व्हीएचएस कॅसेट आहे, आत पांढरे ठिपके दिसतात. संगणकावर कशी घ्यावी? (दादर)

ती व्हीसीआरमध्ये घालू नका. ती बुरशी आहे. मुंबईच्या दमट हवेत ती हमखास धरते. व्हीसीआरच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, चिकटते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते. घट्ट डब्यात सिलिका जेलसोबत काही दिवस ठेवा, मग टेप साफ करणाऱ्याकडे द्या. कवच तडकलेलं असेल, तर मागचे पाच स्क्रू काढून रिळं चांगल्या कवचात बसवता येतात.

उतरवणाऱ्याला दोन गोष्टी विचारा. टाइम बेस करेक्टर (टेपचा डळमळता सिग्नल स्थिर करणारं यंत्र) आहे का? नसेल तर जुन्या टेपची थरथर फाइलमध्ये तशीच उतरते आणि फ्रेम गळतात. आणि फाइल ७२०×५७६, २५ फ्रेम, इंटरलेस्डच (टेपवर असतं तसं एकाआड एक ओळींचं) मिळेल ना? डीव्ही या डिजिटल फॉरमॅटमध्ये तासाला सुमारे १३ जीबी, म्हणजे तीन तासांच्या कॅसेटला ३९. एमपी४ प्रत घरच्यांना पाठवायला वेगळी काढून घ्या, पण डीव्ही फाइल दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा. साफ केलेली टेप पुन्हा नीट चालेलच असं नाही, त्यामुळे पहिल्या वेळीच शेवटपर्यंत उतरवून घ्या.