प्रयोगशाळा आणि मंत्रालय यांच्या मधलं काम

प्रश्न : मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. बारावी सायन्सला आहे. वडील टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहेत, आई घरी विड्या वळते. कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत ‘तंबाखूवर संपूर्ण बंदी हवी’ या विषयाच्या बाजूने मी बोलले आणि पहिली आले. घरी सांगितलं तर आई म्हणाली, छान बोललीस, पण मग आपण खायचं काय? मला काही उत्तर देता आलं नाही. विज्ञान आवडतं, पण लॅबमध्ये आयुष्य काढावंसं वाटत नाही. सरकार निर्णय घेतं तेव्हा विज्ञानाचं म्हणणं तिथे कोण मांडतं? ते काम मला मिळेल का? काका म्हणतात, इंजिनिअरिंग कर, नाहीतर बीएस्सी करून एमपीएससी दे. बाहेरगावी ठेवून शिकवण्याइतके पैसे घरात नाहीत.

उत्तर :

तुझ्या आईने विचारलेला प्रश्न खरं तर स्पर्धेच्या परीक्षकांनी विचारायला हवा होता. करिअरचं बोलण्याआधी त्याचंच बोलू, कारण तू ज्या कामाबद्दल विचारते आहेस ते काम त्या एका प्रश्नात सगळं आलेलं आहे.

तंबाखूने माणसं मरतात, हे तू म्हणालीस ते बरोबरच. आता 2015 सालची गोष्ट बघ. तंबाखूच्या पाकिटाचा 85 टक्के भाग चित्रासह इशाऱ्याने झाकायचा, असा नियम त्या वर्षी 1 एप्रिलपासून लागू होणार होता. त्याच्या तोंडावर संसदेच्या एका समितीचे अध्यक्ष, अहमदनगरचे तेव्हाचे खासदार दिलीप गांधी म्हणाले की तंबाखू आणि कॅन्सरवरचे अभ्यास सगळे परदेशातले आहेत, भारतातला अभ्यास झालेला नाही. नियम पुढे ढकलला गेला. प्रत्यक्षात 2008 सालीच ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये भारताचाच अभ्यास छापून आला होता. सुमारे 11 लाख घरांच्या नमुन्यातून झालेल्या मृत्यूंची माहिती गोळा करून संशोधकांनी हिशेब मांडला होता : विडी ओढणाऱ्या पुरुषाचं आयुष्य सरासरी 6 वर्षांनी कमी होतं, विडी ओढणाऱ्या बाईचं 8 वर्षांनी. धूम्रपानामुळे देशात वर्षाला सुमारे 10 लाख मृत्यू होतील, असा अंदाजही त्यात होता. म्हणजे अभ्यास होता, तो सात वर्षं जुनाही झाला होता. पण जिथे निर्णय होत होता तिथे तो नीट पोचला नव्हता, किंवा पोचूनही कोणाला नको होता. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी आणि रुग्णांनी आवाज उठवला, वर्षभर रेटा लावला, तेव्हा 1 एप्रिल 2016 पासून नियम लागू झाला.

तुला जे काम हवंसं वाटतंय त्याचा एक अर्धा भाग हा. छापून आलेलं विज्ञान योग्य टेबलावर, योग्य दिवशी, समजेल अशा भाषेत नेऊन ठेवायचं.

दुसरा अर्धा भाग तुझ्या आईचा आहे. तो अभ्यास विडी किती घातक ते सांगतो. विडी बंद झाली तर सोलापुरात हजार विड्यांमागे मजुरी घेणाऱ्या बाईने पुढच्या महिन्यात काय करायचं, ते तो सांगत नाही. सांगू शकतही नाही, तो त्या अभ्यासाचा विषयच नव्हे. 2017 मध्ये जीएसटी आला, विडीवर 28 टक्के कर बसला आणि त्याच वेळी विडी कामगार कल्याण निधीसाठी घेतला जाणारा उपकर रद्द झाला. आरोग्याच्या बाजूने बघशील तर कर हवाच. पण विडी कामगारांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या ज्या निधीतून चालायच्या, त्याची स्वतःची कमाई त्यात संपली. त्या टेबलावर दोन्ही कागद एकत्र घेऊन कोणी बसलं असतं तर बरं झालं असतं. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे पहिला कागद आणणारे बरेच आहेत, दोन्ही आणणारी माणसं फार थोडी.

आणखी एक उदाहरण देते, अगदी तुझ्या डोक्यावरचं. 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात पुण्याच्या आयआयटीएमने, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, सोलापुरात कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. सोलापूरच का? तर आपण पर्जन्यछायेत आहोत : ढग येतात, दिसतात आणि न बरसता जातात. पंखांना नळकांड्या लावलेलं विमान ढगाच्या तळाशी न्यायचं, नळकांडी पेटवायची, त्यातून कॅल्शियम क्लोराइडचे बारीक कण ढगात सोडायचे. त्या कणांवर पाणी जमतं, थेंब मोठे होतात. 276 ढग निवडले; काहींत फवारणी केली, काही तसेच सोडले आणि रडारने व पर्जन्यमापकांनी दोन्हींची तुलना केली. 2023 मध्ये निष्कर्ष छापून आले : फवारणीच्या ठिकाणापासून वारा ज्या दिशेला जातो तिकडच्या 100 चौरस किलोमीटर भागात सरासरी 18 टक्के जास्त पाऊस.

आता हाच आकडा भाषणात कसा येईल बघ : ‘सोलापुरात 18 टक्के पाऊस वाढवता येतो!’ जिल्हा जवळपास 15 हजार चौरस किलोमीटरचा. शिवाय प्रयोग योग्य प्रकारच्या ढगांवर झाला. ढगच नसतील तर फवारायचं कशात? दुष्काळी वर्षात, जेव्हा सगळे विमानाची मागणी करतात, नेमके तेव्हाच असे ढग कमी असतात. शास्त्रज्ञांनी स्वतः हे सांगितलेलं आहे, आकड्याशेजारीच. बातमीत मात्र 18 तेवढा उरतो.

आणि समज, तंत्र शंभर टक्के खरं ठरलं, तरी पुढे विचारायचंच आहे की तेवढाच पैसा विमानावर घालायचा, तलावातला गाळ काढण्यावर घालायचा की ठिबकवर? पडलेल्या पाण्याचं काय करायचं? उजनीतून उसाला किती, शहराला किती? याचं उत्तर रडारवर दिसत नाही. तिथे आमदार, कारखानदार, शेतकरी, महापालिका सगळे बसलेले असतात आणि तशी ती भांडणं व्हायलाच हवीत. फक्त त्या खोलीत 18 म्हणजे कशाचे 18 हे सांगणारं एक माणूस हवं.

असं माणूस होता येतं का? येतं. पुण्याच्या ‘प्रयास’ या अभ्यासगटाचं काम वाच. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाचं वादळ उठलं तेव्हा मोर्चे खूप निघाले. ‘प्रयास’चे गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कराराचे आकडे मांडून दाखवले : वीज कितीला पडणार, वापरली नाही तरी राज्य वीज मंडळाला किती मोजावे लागणार. संत आयआयटीत शिकलेले इंजिनिअर. 2001 मध्ये वीज मंडळाने ती वीज घेणं थांबवलं, तेव्हा खर्चाचं तेच दुखणं सगळ्यांना दिसत होतं.

आता तुझं शिक्षण. बारावीनंतर लगेच ‘पब्लिक पॉलिसी’ नावाची पदवी शोधत फिरू नकोस. काही खासगी संस्था लाखांत फी घेतात आणि सुंदर प्रमाणपत्र देतात. तुझ्या घरच्या परिस्थितीत त्या वाटेला जाऊ नये, असं मला वाटतं. आधी एका विषयात पाय घट्ट रोव. तो विषय संख्याशास्त्र असावा, ही माझी पसंती. वरची दोन्ही उदाहरणं पुन्हा वाच : 11 लाख घरं असोत की 276 ढग, अभ्यास उभा आहे तो नमुन्यावर आणि तुलनेवर. बीएस्सी संख्याशास्त्र सोलापुरात राहून होतं, एमएस्सीही होतं. आणि धोरणाच्या क्षेत्रात जमलं नाही तरी संख्याशास्त्र शिकलेल्याला बँक, विमा, औषध कंपन्या, सरकारी सांख्यिकी खातं अशी कामं मिळतात. काकांची एमपीएससीही हातची जात नाही.

काकांचा दुसरा सल्लाही टाकाऊ नाही. इंजिनिअरिंग केलंस तर पुढे गेट ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ या केंद्रात एमटेक करता येतं. ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानाचं हे केंद्र 1985 चं. तिथली मुलं गावात जाऊन पाणीपुरवठा योजना का बंद पडली ते शोधतात. राज्य सरकारच्या ‘पोकरा’ या शेतीच्या योजनेत गावाच्या पाण्याच्या ताळेबंदाचं काम आयआयटी मुंबईनेच केलंय. म्हणून एमएच-सीईटीचा फॉर्म भरच.

तिसरी वाट तुझ्या घरापासून तासाभरावर आहे आणि सोलापूरची मुलं ती विसरतात : तुळजापूरचं टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं केंद्र. बारावीनंतर तिथे सामाजिक शास्त्रांच्या पदवीला सीयूईटी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून प्रवेश मिळतो. प्रवेशाचे नियम दरवर्षी थोडे बदलतात, तेव्हा माहितीपत्रक स्वतः बघ. ही वाट घेतलीस तर विज्ञान मात्र मागे पडेल. तू ‘विज्ञान आवडतं’ असं लिहिलंस म्हणून मी तिला तिसरी ठेवली.

पदवीनंतरची दारं दोन सांगते. संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या दिल्लीच्या पीआरएस या संस्थेची ‘लॅम्प’ फेलोशिप : पंचविशीच्या आतले पदवीधर एका खासदाराबरोबर जवळपास वर्षभर काम करतात, विधेयकं वाचून टिपणं काढतात, प्रश्न तयार करतात. शाखेची अट नाही. दुसरी राज्य सरकारची मुख्यमंत्री फेलोशिप. तिला वयाची 21 ते 26 ही मर्यादा, पदवीला 60 टक्के आणि एक वर्षाचा अनुभव लागतो; मराठी यावी लागते. मधली काही वर्षं ती बंद होती, म्हणून तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवू नकोस. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या धोरण संशोधनाच्या जागा असतात त्या पदव्युत्तर शिक्षणानंतरच्या, आज त्यांचा विचार नको.

कटू भागही सांगते. या क्षेत्रात पहिली चार-पाच वर्षं बरीचशी कामं कंत्राटी असतात, प्रकल्प संपला की दुसरा शोधायचा. दिल्ली-पुणे-मुंबईत राहावं लागतं. अहवाल इंग्रजीत, बैठका इंग्रजीत, आणि तिथे बोलणारी अर्धी मुलं अशी असतात की त्यांना घरी महिन्याचे पैसे पाठवावे लागत नाहीत. तुला घरी पैसे पाठवावे लागतील, हा हिशेब आत्ताच धर. इंग्रजी वाचन आजपासून सुरू कर. पण घरात तेलुगू, शाळेत मराठी असं तुझं असेल, पूर्व भागात बहुतेकांचं असतंच, तर ती जमेची बाजू समज. दिल्लीत लिहिलेला अहवाल विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत जाऊन दोन्ही भाषांत समजावू शकणारं माणूस दिल्लीला सहज मिळत नाही.

मला हे काम खरंच आवडेल का, ते आत्ताच तपासता येतं. घरचं लाइटबिल काढ. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क अशा ओळी दिसतील. प्रत्येक ओळ कशासाठी, ती कोण ठरवतं, हे शोध. महावितरण दरवाढ मागते तेव्हा महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग लोकांच्या हरकती मागवतो आणि सुनावणी घेतो. प्रस्तावाचा सारांश मराठीत मिळतो, आणि हरकत कोणीही नोंदवू शकतं. जमलं तर वडिलांच्या कारखान्याचं यंत्रमागाचं बिलही मागून बघ आणि दोन्ही शेजारी ठेव. मग एक पान लिही : दर वाढला तर टॉवेलच्या धंद्यावर काय होईल, आणि नाही वाढला तर महावितरणचा तोटा कोण भरेल. दुसरा भाग लिहिताना कंटाळा आला, तर वक्तृत्व चालू ठेव आणि करिअर दुसरं निवड. रात्री उशिरापर्यंत बसलीस, तर मला ते पान पाठव.

पैशाचं राहिलं. उपकर गेला तरी विडी कामगारांच्या मुलांसाठीची केंद्रीय श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती सुरू आहे. अभ्यासक्रमानुसार वर्षाला 25 हजार रुपयांपर्यंत मिळते. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि आईच्या नावाचं विडी कामगार ओळखपत्र लागतं. ते नसेल किंवा त्यावरचं नाव आधारशी जुळत नसेल, तर बारावीच्या परीक्षेआधीच दुरुस्त करून घ्या. निकालानंतर गर्दी होते आणि मुलींचे अर्ज एका अक्षरासाठी परत येतात. इंजिनिअरिंगला गेलीस आणि ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएस गटात बसत असलीस, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर राज्य सरकारच्या 2024 च्या निर्णयाने मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्यासाठी प्रवेश मात्र कॅप, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतूनच घ्यायचा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला सेतू केंद्रातून आत्ताच काढून ठेव.